पळस : खानदेशच्या एका वृक्षाचा इतिहास



वसंत व्याख्यानमालेत वसंतावर बोलावे, हे तसे साहजिकच आहे. परंतु मी आज वसंत ऋतूवर बोलणार नसून वसंताच्या एका जुन्या सेवकावर बोलणार आहे. फाल्गुनात धुळ्याहून शिरपूरमार्गे सातपुड्याकडे जावे, किंवा जळगावहून अजिंठ्याच्या डोंगराकडे, म्हणजे रस्त्याच्या कडेला तो भेटतो. अंगावर पान नाही, खोड वेडेवाकडे, साल खडबडीत. आणि डोक्यावर मात्र केशरी ज्वाला पेटलेल्या. हा पळस. इतिहासाच्या पुस्तकात त्याला प्रकरण नाही. पण खानदेशचा इतिहास ज्या ज्या वाटेने गेला, त्या त्या वाटेवर तो उभा होता. म्हणून त्याची साक्ष काढावी, असे मनात आले.

साक्ष काढण्यापूर्वी एक जुनी गोष्ट सांगतो. ज्या जातककथांपैकी कित्येक आपल्या शेजारच्या अजिंठ्याच्या भिंतींवर रंगवलेल्या आहेत, त्या कथांच्या संग्रहात एक कथा पळसाची आहे. वाराणसीच्या राजाला चार पुत्र होते. त्यांना किंशुक, म्हणजे पळस, पाहण्याची इच्छा झाली. सारथ्याने चौघांना एकदम न नेता वेगवेगळ्या वेळी नेले. एकाने तो कळ्या फुटताना पाहिला, दुसऱ्याने पाने आल्यावर, तिसऱ्याने फुलांत, चौथ्याने शेंगांत. परत आल्यावर एक म्हणाला, तो जळक्या खुंटासारखा आहे. दुसरा म्हणाला, वडासारखा. तिसरा म्हणाला, मांसाच्या तुकड्यासारखा. चौथा म्हणाला, शिरीषासारखा. चौघेही खरे बोलत होते आणि चौघांनाही झाड कळले नव्हते. राजाने त्यांना सांगितले, तुम्ही झाड पाहिलेत, पण ते इतर ऋतूंत कसे असते हे विचारायचे राहून गेले.

आपल्या इतिहासातही पळसाकडे असेच निरनिराळे लोक निरनिराळ्या वेळी आले. यज्ञकर्ता आला, गृहस्थ आला, सरकार आले, शेतकरी आला. प्रत्येकाने आपल्या पुरता पळस पाहिला. ही चार दर्शने एकापुढे एक मांडली, म्हणजे आपल्याला झाडही दिसेल आणि त्याच्या आडून खानदेशही दिसेल.

पहिला आला तो यज्ञकर्ता. वेदकाळी पळसाला 'पर्ण' असे नाव होते. तैत्तिरीय संहितेतील कथा अशी की, सोम तिसऱ्या स्वर्गात होता. तो गायत्रीने खाली आणला. आणताना त्याचे एक पान तुटून पडले आणि त्याचाच पर्णवृक्ष झाला. म्हणून यज्ञातील 'जुहू' नावाची पळी पळसाच्या लाकडाची करावी, असा विधी ठरला. मुंजीत ब्राह्मण बटूच्या हाती बेलाचा किंवा पळसाचा दंड द्यावा, असे मनुस्मृती सांगते. आणि नवग्रहांच्या होमात चंद्राची समिधा पळसाचीच असते. तीन पाने एका देठाला, म्हणून कोणी त्यात ब्रह्मा-विष्णु-महेश पाहिले. कवींनी मात्र समिधा सोडून फुले उचलली. कालिदासाला पळसाच्या वाकड्या तांबड्या कळ्या म्हणजे वसंताने वनभूमीच्या अंगावर उमटवलेली नखक्षते वाटली. 'किंशुक' या नावाची व्युत्पत्तीही कवीला शोभणारी आहे : हा पोपट तर नव्हे ना? फुलाची वाकडी चोच पाहिलेल्या माणसाला ही शंका सहज येईल. नीतिकारांनी तेवढे मन मोठे केले नाही. रूप आहे पण गंध नाही, म्हणून विद्येवाचून असलेल्या देखण्या माणसाला त्यांनी पळसाच्या फुलाची उपमा देऊन टाकली.

दुसरा आला तो गृहस्थ. यज्ञातली पळी थोड्यांच्या हातात गेली. पण पळसाचे पान सर्वांच्या पुढ्यात आले. आमच्याकडे लग्नाची पंगत म्हणजे पत्रावळ, आणि पत्रावळ म्हणजे पळस. तीन-चार पाने एकावर एक ठेवून बारीक काड्यांनी टाचली की ताट तयार. पाने वळवून टाचली की द्रोण. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी यांचा खरा स्वाद पितळेच्या ताटात येत नाही, असे म्हणणारे वडीलधारे आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी होऊन गेले असतील. पानांवर गोष्ट संपत नाही. मुळ्यांच्या सालीचे दोर वळत. लाकूड जमिनीवर टिकाऊ नाही, पण पाण्याखाली चांगले टिकते. म्हणून विहिरीच्या तळाच्या बांधणीला ते वापरीत. बियांना पळसपापडी म्हणतात. जंतांवर ती वैद्यांचे जुने औषध. बाळंतिणीच्या लाडवात पडणारा कमरकस हा याच झाडाचा डिंक. आणि फुले पाण्यात उकळली की होळीचा केशरी रंग. धुळवडीचा हा रंग अंगाला लागे आणि दोन-चार दिवसांत निघूनही जाई. १८५६ मध्ये विल्यम पर्किन नावाच्या तरुण इंग्रजाने डांबरापासून जांभळा रंग बनवला आणि कारखान्यातील रंगांचे युग सुरू झाले. त्यानंतर हळूहळू पुडीतला रंग बाजारात आला आणि फुले झाडाखालीच गळून वाळू लागली.

सातपुड्यातील पावरा, बारेला, भिल्ल बांधवांच्या घरी मात्र हे नाते इतके लवकर तुटले नाही. होळीच्या आधीच्या आठवड्यात शिरपूर, चोपडा, यावल या भागांत भोंगऱ्याचे बाजार भरतात. ढोल वाजू लागतात, त्याच दिवसांत डोंगरातला पळस भर फुलावर असतो. तेथे पंचांग भिंतीवर टांगावे लागत नाही. ते डोंगरावरच लिहिलेले असते.

गृहस्थाचे आणि पळसाचे नाते किती जुने, हे गावांच्या नावांवरून कळते. शिरपूर तालुक्यात, मुंबई-आग्रा रस्त्यावर, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ पळासनेर आहे. जळगाव जिल्ह्याच्या सीमेला लागून, सोयगाव तालुक्यात पळसखेडे आहे, कविवर्य ना. धों. महानोर यांचे ते गाव, आणि तेथील लोकगीतांच्या त्यांच्या संग्रहाचे नावच 'पळसखेडची गाणी'. दूर बंगालमध्ये २३ जून १७५७ रोजी ज्या रणांगणावर हिंदुस्थानचे भवितव्य फिरले, त्या पलाशी गावाचे नावही याच झाडावरून पडले आहे. ज्या झाडाचे नाव माणूस आपल्या घराला, गावाला देतो, ते झाड त्याला क्षुल्लक वाटत नसते, एवढे यावरून निश्चित म्हणता येईल.

मराठी राज्यकर्त्यांची या बाबतीतील दृष्टी येथे सांगण्यासारखी आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी नियम घालून दिले आहेत. आंबा, फणस यांसारखी रयतेची झाडे तोडू नयेत. कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात. फारच जीर्ण झाड असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन मग न्यावे, असा त्याचा भाव. पळस या यादीत नाही, हे मी मुद्दाम सांगतो. तो कोणी लावलेला नव्हता, त्याला धनी नव्हता. ज्याला धनी नाही, त्याची बाजू कागदोपत्री कोण मांडणार? पुढचा सारा इतिहास या एका प्रश्नावर घडला आहे.

आता तिसरे दर्शन : सरकार. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळे हे मुख्य ठाणे केले. दुष्काळ आणि लुटालूट यांनी त्या वेळी खानदेश उजाड झालेला होता. डोंगरांत भिल्ल होते आणि ते नव्या सत्तेला वश होत नव्हते. १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने धरणगावात भिल्ल पलटण उभारली. तरीही १८५७-५८ मध्ये सेंधव्याच्या घाटात खाज्या नाईक उठलाच. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे मोठी लढाई झाली. तो चैत्राचा महिना. सरकारच्या लेखी या वेळी जंगल म्हणजे बंडखोरांचा आसरा होता.

थोड्याच वर्षांत त्याच जंगलाचे दुसरे मोल सरकारच्या ध्यानी आले. १८६० नंतर लोहमार्ग खानदेशातून गेला. लोहमार्गाला स्लीपर हवे, भट्ट्यांना जळण हवे. १८६५ चा, मग १८७८ चा, मग १९२७ चा असे जंगलाचे कायदे झाले. राखीव जंगल आणि संरक्षित जंगल असे भाग पडले. काल जो आपला हक्क होता, तो आज सरकारने दिलेली सवलत ठरला. पत्रावळीला पाने तोडणारी बाई तीच, झाड तेच. पण मधे चौकीदार येऊन उभा राहिला. हा गुंता सुटायला किती काळ लागला पाहा : मध, लाख, तेंदूपाने यांसारख्या गौण वनोपजावरील वनवासींचा हक्क देशाच्या कायद्याने मान्य केला, तो २००६ मध्ये.

सरकारबरोबर विज्ञानही आले, हे विसरता कामा नये. विल्यम रॉक्सबर्ग याने १७९५ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या आपल्या चित्रमय ग्रंथात पळसाचे वर्णन केले. शास्त्रीय नावात आज जो 'ब्यूटिया' शब्द आहे, तो इंग्लंडचा एक माजी पंतप्रधान आणि वनस्पतींचा शोकी अर्ल ऑफ ब्यूट याच्या नावावरून आला. 'मोनोस्पर्मा' म्हणजे एकच बी असलेला. शेंग चपटी, आणि तिच्या टोकाला एकच बी. ज्या गृहस्थाने हिंदुस्थानात कधी पाऊल ठेवले नाही, त्याचे नाव सातपुड्याच्या झाडाला चिकटले! साम्राज्याचे असे पुष्कळ विनोद आहेत.

लाखेचाही येथेच उल्लेख केला पाहिजे. पळस, बोर आणि कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वसतात. पळसावरील पिकाला 'रंगीनी' म्हणतात. त्याची एक काढणी शरदाच्या अखेरीस आणि दुसरी पावसाळ्याच्या तोंडी. १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम येथे लाखेच्या संशोधनासाठी संस्था निघाली. जुन्या ग्रामोफोनच्या काळ्या तबकड्या लाखेच्याच असत. आपल्या आजोबांनी बालगंधर्वांचे पद ज्या तबकडीवर ऐकले, तिच्यात कोठल्या तरी जंगलातील पळसाचा अंश असू शकेल. गंध नसलेल्या या झाडाने संगीत मात्र घरोघर पोचवले.

चौथा आला तो शेतकरी, म्हणजे आपणच. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. काळी जमीन कपाशीखाली गेली. पुढे विहिरी झाल्या, पाट झाले, केळी आली. जळगावच्या केळ्याने देशभर नाव काढले. हे वैभव कष्टाचे आहे, त्याला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु रुंद बांध अरुंद झाले, पडीत माळ नांगराखाली आले, रस्ते चौपदरी झाले. पळस ज्या तीन जागी राहत असे, त्या याच : बांध, माळ आणि रस्त्याची कड. जेथे पळस तेथे जमीन हलकी, असा आपला समज होता. जमीन सुधारायची म्हणजे आधी पळस काढायचा, हा त्याचाच निष्कर्ष. पंगतीतून पत्रावळ गेली आणि थर्मोकोलचे ताट आले. २०१८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्र शासनाने त्या ताटांवर बंदी घातली. तोवर पत्रावळ टाचणारे हात आणि पाने देणारी झाडे, दोन्ही विरळ झाली होती.

श्रोतेहो, शहरांत आपण झाडे लावली नाहीत असे नाही. १९५० मध्ये कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून दर पावसाळ्यात खड्डे होतात, भाषणे होतात. आपण गुलमोहर लावला. तो मूळचा मादागास्करचा. रंग देखणा, वाढ झपाट्याची. पाहुण्याबद्दल तक्रार नाही. पण पाहुण्याला ओटी द्यावी आणि घरच्या म्हाताऱ्याला अंगणाबाहेर बसवावे, हे कितपत शोभते?

इतर देशांनी आपल्या रानझाडांचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या पूर्व भागातील जंगलांत 'डॉगवुड' नावाचे एक बुटके झाड आहे. वसंतात पाने येण्याच्या सुमारास ते पांढऱ्या फुलांनी भरते. खरे तर त्या पाकळ्या नव्हेत, फुलाभोवतीची रंगीत पाने आहेत. अगदी साधे रानझाड. पण व्हर्जिनिया राज्याने १९१८ मध्ये ते आपले राज्यपुष्प केले आणि १९५६ मध्ये राज्यवृक्षही. १९१२ मध्ये टोकियो शहराने वॉशिंग्टनला तीन हजारांवर चेरीची झाडे भेट दिली, तेव्हा १९१५ मध्ये अमेरिकेने उलट भेट म्हणून डॉगवुडचीच रोपे पाठवली. दुसऱ्याच्या घरी पाठवावे असे त्यांना आपले रानझाड वाटले! आपल्याकडे उत्तर प्रदेश आणि झारखंड यांनी पळसाला राज्यपुष्पाचा मान दिला आहे. महाराष्ट्राने ताम्हणाला दिला, तेही योग्यच. पण जिल्ह्याला, गावाला, शाळेला आपापले झाड असायला राज्याची आज्ञा लागत नाही.

आता प्रश्न उरतो तो लावायचा कसा. मी स्वतः येथे एकदा फसलो आहे, तेव्हा अनुभवानेच सांगतो. प्रथम मी शेताच्या बांधावरून गुडघ्याएवढे रोप खणून आणले आणि अंगणात लावले. आठ दिवसांत ते गेले. पळसाचे सोटमूळ खोल जाते. ते तुटले की रोप जगत नाही. मग एका जाणत्या पावरा गृहस्थांनी सांगितले, 'भाऊ, हे झाड आणू नका. इथंच जन्माला घाला.' त्याप्रमाणे उन्हाळ्याच्या अखेरीस झाडाखाली पडलेल्या ताज्या शेंगा वेचल्या. बी जुने झाले की उगवण कमी होते, म्हणून त्याच वर्षीचे घ्यावे. मृगाचा पाऊस पडल्यावर, जेथे झाड हवे तेथेच खड्डा करून माती भुसभुशीत करावी, दोन-तीन शेंगा टाकाव्या आणि बोटभर मातीने झाकाव्या. पिशवीतच रोप करायचे असेल तर पिशवी उंच घ्यावी आणि पहिल्याच पावसाळ्यात रोप जमिनीत लावावे. जागा पूर्ण उन्हाची हवी. सावलीत पळस रुसतो. काळी, मुरमाड, थोडी खारवट, कोणतीही जमीन त्याला चालते. खताची फार गरज नाही. गवत मात्र काढावे, आणि गुरांच्या पायांपासून व वणव्यापासून जपावे. बाभळीच्या काट्यांचे साधे कुंपण पुरते.

माझे रोप उगवले, पावसाळ्यात वीतभर वाढले आणि उन्हाळ्यात वरून साफ वाळले. मी खूण काढून टाकली. पुढच्या आषाढात पाहतो तो त्याच जागी तीन पाने! पुढच्या वर्षी पुन्हा तसेच. मागाहून वाचनात आले की पळसाच्या रोपाची ही रीतच आहे. पहिली काही वर्षे वरचा भाग वाळतो आणि खाली मूळ वाढत राहते. मूळ पुरेसे खोल गेले की मग खोड वर धरते. म्हणून वाळलेले रोप उपटू नये, हा पळस लावणाऱ्याने पाळायचा पहिला नियम. झाड मोठे झाल्यावर हिवाळ्यात फांद्या छाटू नयेत. फुले त्याच बोडक्या फांद्यांवर यायची असतात. बुंध्याभोवती सिमेंट करू नये. आणि पहिले फूल येण्याची घाई करू नये. त्याला बरीच वर्षे लागतात. तोवर पानांचा उपयोग आहेच. फुले आली की झाडाखाली बसावे. शिंजीर, बुलबुल, साळुंकी, पोपट अशी पाखरांची पंगत मधासाठी जमते. ज्याला नीतिकारांनी निर्गंध म्हणून हिणवले, त्याच्याकडे वैशाखाच्या वाटेवरचे केवढे अन्नछत्र चालते, हे तेथे बसल्यावर कळते.

एक म्हण आपण नेहमी वापरतो : पळसाला पाने तीनच. कोठेही गेले तरी परिस्थिती सारखीच, बदलायचे नाही, असा तिचा अर्थ. ही म्हण आपण निराशेने म्हणतो. परंतु ती प्रथम ज्याच्या तोंडून निघाली असेल, त्याच्या डोळ्यांसमोर गावोगाव पळस होता, हे ध्यानात घ्या. जेथे जावे तेथे पळस असल्यावाचून अशी म्हण होत नाही. उद्या आपल्या नातवंडांनी विचारले की पळसाला पाने किती, तर त्यांना म्हणीतून उत्तर द्यायचे की झाड दाखवून, एवढाच आज आपल्यापुढे प्रश्न आहे.

जातकातले चार राजपुत्र अखेर राजासमोर बसले, म्हणून त्यांना झाड कळले. आपणही आज येथे एकत्र बसलो आहोत. ज्येष्ठ फार दूर नाही. पळासनेरला कोणी जाणार असेल, पाटणादेवीला, अजिंठ्याला, पाल-यावलकडे कोणी जाणार असेल, तर येताना रुमालात चार शेंगा बांधून आणा. शाळेच्या कुंपणाशी, वाचनालयाच्या मोकळ्या जागेत, स्मशानाच्या वाटेवर, जेथे जागा मिळेल तेथे टाका. पहिल्या उन्हाळ्यात ते रोप वाळलेले दिसेल. लोक हसतील. तुम्ही मात्र खूण काढू नका.